पॉइंट पैशांत मोजले तेव्हा : चार कार्डे, एक परकीय चलन खाते आणि पाच आठवड्यांची वही

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे स्टुटगार्टला पाच आठवडे राहून आलो. सारी नोकरी हिशेब विभागात गेल्यामुळे ती सवय काही सुटत नाही. निघताना सोबत घेतलेल्या दोनशे पानी वहीत मी चार रकाने आखले होते : खर्च कोणत्या कार्डाने केला, दर काय लागला, बँकेने वर किती कापले आणि बदल्यात किती पॉइंट दिले. पत्नीने या वहीची यथेच्छ थट्टा केली. मात्र ज्या कार्डावर माझा सर्वाधिक भरवसा होता आणि ज्याची शिफारस मी निदान दहा जणांना केली असेल, तेच कार्ड परदेशात सर्वांत महाग पडले, हे त्या वहीशिवाय मला कधीच कळले नसते.

पाकिटात चार कार्डे होती. पहिले एका खासगी बँकेचे, वार्षिक शुल्क असलेले आणि पॉइंट देणारे क्रेडिट कार्ड, जे नऊ वर्षे माझ्याकडे आहे. दुसरे मुदत ठेवीच्या तारणावर घेतलेले, परकीय चलनावर मार्कअप, म्हणजे दरावरचे बँकेचे जादा शुल्क, न लावणारे क्रेडिट कार्ड. तिसरे युरो भरून घेतलेले बहुचलनी फॉरेक्स कार्ड. चौथे पेन्शन खात्याचे डेबिट कार्ड, केवळ अडीअडचणीसाठी. परकीय चलन खात्याचा अनुभव माझा स्वतःचा नाही, दुबईहून परतलेल्या भाच्याचा आहे; त्याचे कागद मीच पाहिल्यामुळे त्याविषयी शेवटी लिहितो.

प्रथम पॉइंटांविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. बँका पॉइंट हजारांत देतात आणि त्यांची किंमत पैशांत असते. माझ्या पहिल्या कार्डावर १५० रुपयांच्या खर्चामागे ४ पॉइंट मिळतात, म्हणजे १०० रुपयांमागे सुमारे २.६७. हेच पॉइंट बिलात वळते करून घेतले तर एका पॉइंटचे २० पैसे, बँकेच्या संकेतस्थळावरून विमानाचे तिकीट किंवा हॉटेल घेतले तर ५० पैसे. त्यामुळे एकाच खर्चावरची परतफेड पहिल्या मार्गाने अर्धा टक्का आणि दुसऱ्या मार्गाने सव्वा टक्क्याच्या थोडी वर पडते. स्टेट बँकेच्या रिवॉर्ड्झ कार्यक्रमात पॉइंटची किंमत २५ पैसे आहे, तेव्हा तिथे चार पॉइंटांचा एक रुपया. ‘दहापट पॉइंट’ अशी जाहिरात वाचताना आधी पॉइंटची किंमत विचारावी. दहापट हा आकडा त्याशिवाय निरर्थक आहे.

तिसरा मार्ग वस्तूंच्या कॅटलॉगचा. त्यात ९,००० पॉइंटांना मिळणारा मिक्सर आमच्या पेठेतल्या दुकानात २,६०० रुपयांना होता. म्हणजे पॉइंटला २९ पैसे पडले. बिलात वळते करण्यापेक्षा हे बरे खरे, पण आमच्याकडे मिक्सर आधीच होता.

उरला तिकिटांचा मार्ग. त्यातले ५० पैसेही पुरते ५० नसतात, हे मी एकदा मुद्दाम तपासून पाहिले. पुणे–दिल्ली प्रवासाचे जे तिकीट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ६,२०० रुपयांना होते, तेच बँकेच्या संकेतस्थळावर ६,५५० रुपयांना होते. त्यातली ७० टक्केच रक्कम पॉइंटांतून देता येत होती, म्हणजे ४,५८५ रुपयांसाठी ९,१७० पॉइंट गेले. उरलेले १,९६५ रुपये कार्डाने भरावे लागले आणि पॉइंट वापरल्याचे ९९ रुपये शुल्क जीएसटीसह ११७ रुपये झाले. तिकीट कंपनीकडून थेट घेतले असते तर ६,२०० रुपये गेले असते, तेव्हा खरी बचत ४,११८ रुपयांची. भागाकार केल्यावर पॉइंटला ४५ पैसे आले. हा दर वाईट नाही. तीन मार्गांतला हाच सर्वांत चांगला. तरीही जाहिरातीतले ५० आणि हाती आलेले ४५ यांतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, विशेषतः ज्यांना विमानाने फारसे फिरायचेच नसते त्यांनी.

विमान कंपन्यांच्या मैलांत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या प्रवास-पॉइंटांत, बँकेचे पॉइंट वळवण्याची सोय काही वरच्या दर्जाच्या कार्डांवर असते आणि जाणकार मंडळी तिच्यावर बेहद्द खूश असतात. लांब पल्ल्याच्या, वरच्या वर्गाच्या आसनासाठी मैल वापरले तर एका पॉइंटची किंमत एका रुपयापलीकडेही जाऊ शकते, हे खरे आहे. परंतु पॉइंट एकदा मैलांत गेले की परत येत नाहीत, मैलांना त्यांची स्वतःची मुदत असते आणि पाहिजे त्या तारखेला मैलांवर मिळणारे आसन शिल्लक असतेच असे नाही. म्हणून आधी आसन शोधावे, कर आणि अधिभार वजा करून एका मैलाची किंमत काढावी आणि मगच पॉइंट वळवावेत. ज्या कुटुंबाच्या सुट्ट्या शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्या आहेत, त्यांना हा मार्ग मी सुचवणार नाही.

कमाईच्या बाजूलाही चाळण्या आहेत. इंधन, घरभाडे, वॉलेट भरणे आणि सरकारी कर यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत, विम्याच्या हप्त्यावर वरची मर्यादा घालतात आणि दुप्पट-पाचपट पॉइंटांना महिन्याची कमाल सीमा ठेवतात. आमच्या घरी सर्वांत जास्त लाभ झाला तो एका साध्या सवयीने : किराणा आणि औषधे ज्या दुकानांतून घेतो, त्यांची गिफ्ट व्हाउचरे बँकेच्या संकेतस्थळावरून महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची. खर्च तोच, दुकान तेच, पॉइंट पाचपट. मात्र महिन्याच्या मर्यादेपुढे एक रुपयाचेही व्हाउचर घेऊ नये, कारण पैसा आधी अडकतो आणि व्हाउचराची मुदत कुणाच्या लक्षात राहत नाही.

वार्षिक शुल्काचा सापळा वेगळा आहे. माझ्या कार्डाचे शुल्क २,५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २,९५० रुपये. वर्षात तीन लाखांचा खर्च झाला तर ते माफ होते. एका वर्षी मुदत संपायला आठवडा असताना मला अकरा हजार रुपये कमी पडत होते. शुल्क वाचवण्यासाठी मी नको असलेले हवा शुद्ध करणारे यंत्र आणले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय? ते यंत्र अजून खोक्यात आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे बिल थकवणे : क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, वर्षाला ते ४० टक्क्यांपलीकडे जाते, आणि त्यापुढे सव्वा टक्क्याच्या परतफेडीची गणनाच नको. बिल पूर्ण भरण्याची शिस्त ज्याला नाही, त्याने पॉइंटांचा विचार सोडून द्यावा.

एक हिशेब माझ्याकडूनही चुकला. जुन्या एका कार्डावरचे ६,४०० पॉइंट मी ‘मोठ्या प्रवासासाठी’ राखून ठेवले होते, आणि दोन वर्षांची मुदत उलटल्यावर ते एका रात्रीत शून्य झाले. बँकेने इमेल पाठवला होता. तो जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला. पॉइंट म्हणजे मुदत ठेव नव्हे. त्यांच्यावर व्याज मिळत नाही, बँक त्यांची किंमत सूचना देऊन केव्हाही कमी करू शकते, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच बँकांनी तसे केलेही आहे. आता मी वर्षातून दोनदा पॉइंट वापरून मोकळा होतो.

आता सीमेपलीकडे. परदेशात क्रेडिट कार्ड वापरले की व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा दर लागतो आणि त्यावर आपली बँक मार्कअप लावते. अनेक भारतीय कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४.१३ टक्के. हिशेबाला सोपे म्हणून एक युरो शंभर रुपयांचा धरू. पाचशे युरोंची खरेदी म्हणजे ५०,००० रुपये; पहिल्या कार्डावर त्याला १,७५० रुपये मार्कअप आणि ३१५ रुपये जीएसटी लागला, एकूण २,०६५. बदल्यात १,३३२ पॉइंट मिळाले, म्हणजे सर्वांत चांगल्या दरानेही ६६६ रुपये. निव्वळ तोटा १,३९९ रुपये. ज्या कार्डाला मी नऊ वर्षे कमावते कार्ड समजत होतो, ते देशाबाहेर पाऊल टाकताच प्रत्येक शंभर रुपयांमागे पावणेतीन रुपये गमावत होते. विमानतळावरच्या लाउंजमध्ये मिळालेला उपमा आणि चहा त्यात धरूनही हिशेब जुळत नाही. शिवाय लाउंजसाठी मागच्या तिमाहीत ठराविक खर्च झालेला असण्याची अट आता बऱ्याच कार्डांना लागली आहे.

फॉरेक्स कार्डाचे दुखणे वेगळ्या जागी आहे. त्याच्या पत्रकात ‘मार्कअप शून्य’ असे ठसठशीत छापलेले असते आणि ते खरेही असते, कारण नफा आधीच विक्रीच्या दरात मुरवलेला असतो. ज्या दिवशी मी कार्डात युरो भरले, त्या दिवशी बाजारातला मधला दर आणि बँकेचा विक्रीचा दर यांत सव्वा टक्क्याचे अंतर होते. आधी मी ज्या दुसऱ्या शाखेत गेलो होतो तिथे तेच अंतर अडीच टक्क्यांच्या जवळ होते. दोन ठिकाणी दर विचारल्याने एवढा फरक पडतो. शाखेत दर विचारताना ‘सर्व धरून एका युरोला किती रुपये’ एवढाच प्रश्न विचारावा, बाकी चर्चा ऐकू नये. त्यावर चलन बदलाचा जीएसटी लागतो, जो अनेकांना संपूर्ण रकमेवर १८ टक्के वाटतो आणि विनाकारण धडकी भरते. प्रत्यक्षात एक लाखापर्यंतच्या रकमेचे एक टक्का हे करपात्र मूल्य धरले जाते, किमान २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे ५०,००० रुपयांवर जीएसटी फक्त ९० रुपये, एक लाखावर १८०. वरच्याच उदाहरणात फॉरेक्स कार्डाचा एकूण खर्च ६२५ अधिक ९०, म्हणजे ७१५ रुपये. पहिल्या कार्डाच्या निव्वळ तोट्याच्या जवळजवळ निम्मा.

तारणावरच्या, मार्कअप नसलेल्या कार्डाला तोच खर्च जवळजवळ शून्य आला. ठेवीवर मिळणारे आयडीएफसी फर्स्ट बँकेचे वॉव हे या प्रकारातले लोकांना माहीत असलेले नाव. माझेही याच जातीचे होते. निवृत्त माणसाला पगारपत्रक नसल्यामुळे चांगले क्रेडिट कार्ड मिळणे अवघड जाते, तिथे ठेवीवर मिळणारे कार्ड हा सरळ उपाय आहे : ठेवीवर व्याज चालूच राहते आणि कार्डाची मर्यादा ठेवीच्या प्रमाणात मिळते. या कार्डावरचे पॉइंट किरकोळ होते आणि त्याचे मला काहीही वाटले नाही. घरी शंभरावर सव्वा रुपया मिळवण्यापेक्षा बाहेर शंभरावर चार रुपये वाचवणे मोठे आहे, एवढा एकच निष्कर्ष त्या दोनशे पानांतून निघाला म्हणायला हरकत नाही.

दुकानातले यंत्र मात्र हा सगळा फायदा एका बटणाने हिरावू शकते. भारतीय कार्ड ओळखून ते विचारते : युरोत द्यायचे की रुपयांत? रुपयांतला आकडा ओळखीचा दिसतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण तो दर दुकानदाराच्या बाजूची संस्था ठरवते, तो चढाच असतो, आणि अनेक भारतीय बँका अशा व्यवहारावर पुन्हा आपले वेगळे शुल्क लावतात. नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे. पत्नीने पहिल्याच दिवशी एका कपड्यांच्या दुकानात रुपये निवडले. नंतरचे पाच आठवडे ती प्रत्येक यंत्रासमोर ‘युरो’ असे मोठ्याने म्हणत असे आणि विक्रेते गोंधळून तिच्याकडे पाहत.

रोख रकमेचा विषय जर्मनीत टाळता येत नाही. आपल्याकडे भाजीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर असतो; तिथे बेकरी, आठवडी बाजार आणि छोट्या उपाहारगृहांत अजून ‘फक्त रोख’ अशी पाटी दिसते किंवा केवळ त्यांचे स्थानिक गिरोकार्ड चालते. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नयेत, कारण शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून. इथे फॉरेक्स कार्ड उपयोगी पडले. प्रत्येक वेळी कार्डाचे ठरलेले शुल्क आणि काही ठिकाणी स्थानिक बँकेचे शुल्क लागते, म्हणून पन्नास-पन्नास युरो चार वेळा काढण्यापेक्षा दोनशे एकदाच काढावेत. निघताना खिशात रोख न्यायची तर एका प्रवासासाठी, काही अपवाद सोडता, ३,००० डॉलर मूल्यापर्यंतच नोटा नेता येतात, आणि ५०,००० रुपयांपुढचे परकीय चलन रोखीने विकत घेता येत नाही, ते चेकने किंवा खात्यातून घ्यावे लागते.

महामार्गावरच्या थांब्यांवर स्वच्छतागृहाला एक युरो पडतो आणि बदल्यात एक युरोचे कूपन मिळते. इतका उदार रिवॉर्ड कार्यक्रम मी कोणत्याही बँकेत पाहिला नाही, शंभर टक्के परतफेड! अट एवढीच की कूपन त्या साखळीच्या दुकानांतच चालते, आणि तिथली पाण्याची बाटली गावातल्या दुकानापेक्षा कितीतरी महाग असते.

फॉरेक्स कार्डाची खरी परीक्षा स्वित्झर्लंडमध्ये झाली. जावयांच्या गाडीने आम्ही शाफहाउजनला ऱ्हाइनचा धबधबा पाहायला गेलो आणि एक रात्र राहिलो. कार्डात युरो होते, फ्रँक नव्हते. ‘बहुचलनी’ या शब्दावर विसंबून मी तेच पुढे केले. कार्डात ज्या चलनाची शिल्लक नाही त्यात खर्च केला की दुसऱ्या चलनातून पैसे वळवले जातात आणि त्यावर आंतरचलन शुल्क लागते. माझ्या कार्डावर ते ३.५ टक्के निघाले, म्हणजे टाळायला गेलेला मार्कअप मागच्या दाराने आला. त्यातच हॉटेलने अनामत म्हणून दोनशे फ्रँक रोखून ठेवले. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम रोखली तर मर्यादा तेवढी कमी होते, इतकेच. प्रीपेड कार्डावर आपले भरलेले पैसेच अडकतात. ते सुटायला एकोणीस दिवस लागले. बँकेच्या सेवा केंद्राने ‘हॉटेलला विचारा’ म्हटले, हॉटेलने ‘आम्ही दुसऱ्याच दिवशी सोडले’ असे कळवले. दोघांचे म्हणणे खरे असावे, कारण मधल्या साखळीत असे पैसे रेंगाळतात. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीसाठी फॉरेक्स कार्ड देऊ नये, हे आता मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

निघण्यापूर्वीची एक तयारी फार महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असते. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः अॅपमधून सुरू करायचा आणि मर्यादाही स्वतःच ठरवायची. हे घरूनच करावे, कारण तिकडे भारतीय सिमवर ओटीपी येईलच असे नाही. परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपीशिवायच व्यवहार होतो, म्हणून ऑनलाइन मर्यादा अगदी कमी ठेवून दुकानातली मर्यादा गरजेपुरती ठेवावी. कार्डाचा पिनही आठवून घ्यावा. जर्मनीत साधारण ५० युरोंच्या वर यंत्र पिन मागते, आणि भारतात वर्षानुवर्षे कार्ड नुसते टेकवणाऱ्याला तो ऐन वेळी आठवत नाही. यूपीआयवर मात्र तिथे विसंबता येत नाही. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस इथे ते निरनिराळ्या स्वरूपात पोहोचले आहे आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरवर २०२४च्या फेब्रुवारीपासून चालते. स्टुटगार्टच्या बेकरीत नाही.

कराची बाजू थोडक्यात. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठवता येतात आणि फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम या योजनेत मोजली जाते. सर्व बँकांतून मिळून वर्षाची रक्कम १० लाखांपलीकडे गेली तर त्यावरच्या भागावर उगमस्थानी कर वसूल होतो, प्रवासासारख्या कारणासाठी २० टक्के. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५पासूनची, त्याआधी ती ७ लाख होती. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही योजनेत आणण्याचा निर्णय मे २०२३मध्ये झाला होता, तो जूनअखेर अर्थ मंत्रालयाने पुढे ढकलला आणि अजून लागू झालेला नाही. म्हणजे मोठ्या प्रवासात मार्कअप नसलेले क्रेडिट कार्ड या दृष्टीनेही सोयीचे ठरते. सहल कंपनीचे पॅकेज घेणाऱ्यांना वेगळा नियम लागतो, त्यांनी तो कंपनीलाच विचारावा.

आता भाच्याचे खाते. चौदा वर्षे दुबईत काढून तो गेल्या वर्षी नाशिकला कायमचा परतला. त्याच्याकडे एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या, खात्यात रुपये होते, एफसीएनआर, म्हणजे अनिवासींच्या परकीय चलनातल्या, ठेवीत डॉलर होते आणि कंपनीकडून मिळालेली सेवानिवृत्तीची रक्कम यायची होती. बँकेच्या शाखेत त्याला सांगण्यात आले की आता तू निवासी झालास, सगळे मोडून रुपयांत आण. फोनवर तो म्हणाला, “मामा, सही करायच्या आधी तुम्ही एकदा बघा.” बरे झाले, विचारले. परतल्यावर बँकेला कळवणे आणि एनआरई खात्याचे स्वरूप बदलून घेणे बंधनकारक आहे, यात शंका नाही. परंतु एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजदराने तशीच चालू ठेवता येते, आणि मुदतीनंतर ती रक्कम रुपयांत न आणता निवासी परकीय चलन खात्यात, ज्याला बँकेत आरएफसी म्हणतात, वळवता येते. एनआरईमधली शिल्लक आणि परदेशी मालकाकडून आलेली सेवानिवृत्तीची रक्कमही त्यात जाऊ शकते.

या खात्याचा मोठा गुण असा की त्यातल्या पैशांच्या वापरावर, परदेशात गुंतवणुकीसह, बंधन नाही आणि २,५०,००० डॉलरच्या वार्षिक मर्यादेत ते मोजले जात नाहीत. दुसरा गुण कराचा : दीर्घकाळ बाहेर राहून परतलेल्याला आयकरात काही काळ ‘निवासी, पण सर्वसाधारणपणे निवासी नाही’ असा दर्जा मिळतो, आणि तो असेतोवर आरएफसीवरचे व्याज करमुक्त राहते. दर्जा संपला की व्याज करपात्र होते, ती तारीख त्याने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. दोष म्हणजे डॉलरच्या ठेवीचा व्याजदर बहुधा रुपयाच्या ठेवीपेक्षा कमी असतो आणि विनिमय दराची वर-खाली आपल्या माथी येते. तेव्हा सगळेच डॉलरमध्ये ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याच्या मुलीचे परदेशातले शिक्षण तीन वर्षांवर आहे. त्या खर्चापुरते डॉलर आरएफसीत ठेवले, बाकी रुपयांत आणले. शाखेतल्या अधिकाऱ्याने आरएफसीचा अर्ज शोधायला दोन दिवस घेतले, पण मग काम चोख झाले.

मलाही असे खाते उघडावे असा मोह झाला होता. माझ्यासारख्या कधीच बाहेर न राहिलेल्या निवासी माणसासाठी आरएफसीचा ‘देशांतर्गत’ प्रकार आहे, ज्यात प्रवासातून उरलेले परकीय चलन किंवा परदेशातून मिळालेले मानधन ठेवता येते. त्यावर व्याज नाही, आणि माझ्या उरलेल्या युरोंसाठी ती यातायात करण्यासारखी नव्हती. परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या व्यावसायिकांना कमाई परकीय चलनातच ठेवू देणारे ईईएफसी खातेही बिनव्याजी आहे आणि एका महिन्यात जमा झालेले, न वापरलेले चलन पुढच्या महिन्याअखेर सामान्यतः रुपयांत आणावे लागते, म्हणून दर वाढेल या आशेने तिथे डॉलर साठवता येत नाहीत. गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रातल्या बँक शाखांत निवासी भारतीयाला परकीय चलनात खाते आणि ठेव ठेवण्याची मुभा जुलै २०२४पासून बरीच रुंद झाली आहे. पण तिथे पाठवलेला पैसा प्रेषण योजनेच्या मर्यादेत आणि त्याच उगमस्थानच्या कराच्या हिशेबात येतो. ज्याला परदेशात नियमित खर्च किंवा उत्पन्न आहे त्याने हा विचार करावा. पाच वर्षांतून एकदा लेकीकडे जाणाऱ्याने नको.

परतल्यावर पहिले कार्ड मी बंद केले नाही. ते किराणा, औषधे आणि तिकिटांसाठी राहील, मात्र त्याचा परदेशातला वापर अॅपमधून बंद करून टाकला आहे. तारणावरच्या कार्डाने पाच आठवड्यांत, पहिल्या कार्डाशी तुलना करता, साडेसहा हजारांच्या आसपास वाचवले. फॉरेक्स कार्डावर १४० युरो उरले. ते बँकेला परत विकायचे तर खरेदीचा दर लागतो, विक्रीच्या दरापेक्षा बराच कमी, म्हणून ते तसेच ठेवले. न वापरलेले परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत परत करायचे असते, पण २,००० डॉलर मूल्यापर्यंत पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते. कार्ड वर्षभर न वापरल्यास निष्क्रियता शुल्क लागते काय, एवढे मात्र मी लेखी विचारून घेतले. नाण्यांवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही. सात युरो चाळीस सेंटची नाणी देवघराशेजारच्या पितळी वाटीत आहेत आणि नातू आला की ती मोजत बसतो.